मापटे कोणाच्या हाती?



कापूस खरेदी केंद्रावर गाडी लागली की ग्रेडर काय करतो ते तुम्हाला सांगायला नको. ओलावा मोजायचे यंत्र कापसात खुपसतो. आठ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण हमीभाव, आठच्या पुढे बारापर्यंत टक्क्यागणिक कपात, बाराच्या वर काटा गेला की गाडी बाजूला. यंत्र आपल्या कापसात असते, पण त्यावरचा आकडा वाचतो तो ग्रेडर. आपण वाचतो ग्रेडरचे तोंड.

ते यंत्र खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. कापसात पाणी किती आहे ते यंत्राला बरोबर कळते. पण यंत्र कोणाच्या हातात आहे, ते हातात धरणाऱ्याचा पगार कोण देतो आणि आकडा पटला नाही तर दाद कोणाकडे मागायची, हे त्या यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तकात छापलेले नसते. आपले आजे-पणजे सावकाराच्या ओट्यावर ज्वारी मोजून देत, तेव्हाही भांडण मापट्याशी नव्हते. घेतानाचे मापटे वेगळे आणि देतानाचे वेगळे, हे भांडण होते. ज्याच्या हाती ससा तो पारधी, आणि ज्याच्या हाती मापटे तो धनी.

विज्ञान, राजकारण आणि सरकारची सत्ता यांचे नाते याहून वेगळे नाही. ते नीट समजून घ्यायचे असेल तर आपल्या काळ्या वावरातून उठून थेट समुद्राकाठी जायला हवे. डहाणू आणि तलासरी हे पालघर जिल्ह्यातले, गुजरातला टेकलेले तालुके. तिथे कापूस नाही, ज्वारी नाही. आपल्याकडच्या दुपटीहून जास्त पाऊस. किनाऱ्यालगत नारळी आणि चिकूच्या वाड्या. अशा बागायतीला तिकडे आगर म्हणतात, मीठ पिकवायच्या जागेलाही आगरच म्हणतात, आणि डहाणूला लागून आगर नावाचे गावही आहे. वाड्यांच्या मागे डोंगराकडे वारली आदिवासींची भात, नागली आणि वरईची शेती. अशा मुलखाचे कोरडवाहू शेतकऱ्याला काय पडले आहे, असे वाटेल. पण तिथे जे घडले ते आपल्या बांधावर रोज घडते. फरक एवढाच की तिथले सगळे कागदावर आले.

मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवणाऱ्या कंपनीला डहाणूच्या खाडीकाठी कोळशावरचे वीजकेंद्र उभारायचे होते. अडीचशे मेगावॅटचे दोन संच. केंद्र सरकारच्या मूल्यमापन समितीने आधी ही जागा अयोग्य ठरवली. मग फेरविचार झाला आणि मार्च १९८९ मध्ये अटी घालून मंजुरी मिळाली. त्यातली एक अट महत्त्वाची होती. कोळशाच्या धुरात गंधक असते, ते धुऊन काढणारी यंत्रणा बसवायची. लोक न्यायालयात गेले. मार्च १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंजुरी कायम ठेवली. जागेचा निर्णय मुख्यतः सरकारने घ्यायचा, सरकारने सगळ्या बाजू विचारात घेतल्या की नाही एवढेच न्यायालय पाहणार, असा त्याचा अर्थ. मात्र गंधकाच्या यंत्रणेची अट पुरता विचार केल्याशिवाय सोडता येणार नाही, हेही न्यायालयाने बजावले. १९९५ मध्ये केंद्र सुरू झाले. यंत्रणा बसलेली नव्हती. उजेड इंडियाचा आणि राख भारताची, ही विभागणी आपल्याला नवी नाही.

आता गंमत पाहा. ज्या केंद्र सरकारने १९८९ मध्ये वीजकेंद्राला होकार दिला, त्याच सरकारने २० जून १९९१ रोजी अधिसूचना काढून अख्खा डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक ठरवला. तालुक्यात उद्योगांसाठी एकूण ५०० एकरांपेक्षा जास्त जमीन वापरायची नाही. उद्योगांच्या लाल, नारिंगी आणि हिरव्या अशा तीन याद्या, आणि लाल यादीतल्या उद्योगाला मज्जाव. म्हणजे एका हाताने दिले ते दुसऱ्या हाताने झाकले. दोन्ही कागदांवर शिक्का एकाच सरकारचा आणि दोन्हीकडे आधार शास्त्राचाच.

अधिसूचना निघाली, पण अंमल करणार कोण? प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचा, म्हणजे आपण ज्याला 'नीरी' म्हणतो तिचा, अहवाल न्यायालयापुढे आला. ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी न्यायालयाने सांगितले की अहवाल आणि अधिसूचना यांची अंमलबजावणी करायला निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र प्राधिकरण नेमा. डिसेंबर १९९६ मध्ये ते नेमले गेले. अध्यक्ष झाले न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. विदर्भातल्या वाचकांना त्यांची वेगळी ओळख नको. दादा धर्माधिकारींचे चिरंजीव, बेचाळीसच्या लढ्यात उतरलेले, गांधीविचाराचे माणूस.

या प्राधिकरणाने काय केले? एका परदेशी कंपनीला डहाणूजवळ वाढवण इथे मोठे बंदर बांधायचे होते. दोन्ही बाजू ऐकून सप्टेंबर १९९८ मध्ये प्राधिकरणाने सांगितले की १९९१ च्या अधिसूचनेत हे बंदर बसत नाही. १९९९ मध्ये वीजकेंद्राला सांगितले, गंधकाची यंत्रणा बसवा. तारखा पडल्या, अपिले झाली, मधल्या काळात केंद्राची मालकी बदलली, बँक हमी मागायची वेळ आली. शेवटी २००७ मध्ये समुद्राच्या पाण्याने धूर धुणारी यंत्रणा सुरू झाली. १९८९ ची अट २००७ मध्ये पुरी झाली. अठरा वर्षे! एवढ्या काळात लावलेले चिकूचे कलम म्हातारपणाची सोय करून जाते.

या अठरा वर्षांत विज्ञान बदलले होते का? नाही. कोळसा जाळला की गंधकाचा धूर निघतो हे १९८९ मध्येही ठाऊक होते, आणि तो धुऊन काढता येतो हेही ठाऊक होते. बदलले ते मापटे धरणारे हात. पहिल्यांदाच मोजणीचा निकाल अशा माणसापुढे ठेवावा लागला की ज्याला ना बदलीची भीती होती, ना बढतीची आशा. जो ज्याचे मोजतो त्याचाच तो नोकर नव्हता, एवढीच काय ती जादू.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. डहाणू-घोलवडच्या बागायतदारांची तक्रार होती की धूर आणि राख यांमुळे फळगळ वाढली. शेतीचा पदवीधर म्हणून आम्ही सांगतो की चिकूची फळे बीजअळीनेही गळतात आणि पावसाळ्यात बुरशीनेही गळतात. गळलेल्या कोणत्या फळाला कोणते कारण, हे झाडाखाली उभे राहून कोणीच सांगू शकत नाही. म्हणूनच तर मोजायचे असते, आणि वर्षानुवर्षे मोजायचे असते. आपल्या बाजूचा दावाही मापट्याखाली घालायची तयारी नसेल, तर दुसऱ्याच्या मापट्याला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही.

पुढची गोष्ट अधिक शिकवणारी आहे. न्यायमूर्ती धर्माधिकारी जानेवारी २०१९ मध्ये गेले. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वाढवण बंदराला तत्त्वतः मान्यता दिली. त्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंदरांचा वर्ग बदलला. लाल यादीतले बंदर आता 'बिगर-औद्योगिक' ठरले. हरित लवादापर्यंत वाद गेला, तज्ज्ञ समिती बसली. ३१ जुलै २०२३ रोजी त्याच डहाणू प्राधिकरणाने अटी घालून बंदराला परवानगी दिली. त्याविरुद्धच्या याचिका एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळल्या. जून २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांनी पायाभरणी केली. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालायचा आहे.

बंदर होऊच नये असे आम्ही म्हणत नाही. कापसाच्या गाठी आकाशातून परदेशी जात नाहीत. बंदर स्वस्त आणि खोल असेल तर त्याचा चार पैसे फायदा कापूसवाल्यालाही होऊ शकतो. वाढवणच्या मच्छीमाराचे नुकसान आणि आपला फायदा यांचा हिशेब उघड्यावर मांडला जावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. १९९८ चे 'नाही' आणि २०२३ चे 'होय' यांच्यामध्ये समुद्र तोच आहे, मासळीची पैदास होणारा किनाऱ्याचा खडकही तोच आहे. यादी मात्र बदलली. सरकारच्या मनात काय आहे ते आधी ठरते आणि यादी मागून येते, अशी शंका लोकांना आली तर त्यात लोकांचा दोष नाही. ती शंका दूर करायची असेल तर बदलाची कारणे आणि कच्चे आकडे गावाच्या चावडीवर ठेवायला हवेत.

कोणी म्हणेल, म्हणजे तज्ज्ञ सांगतील तेच सरकारने ऐकावे, असे तुमचे मत दिसते. तसे नाही. नाण्याची दुसरी बाजूही पाहा. ऑक्टोबर २००९ मध्ये जनुकीय अभियांत्रिकी मंजुरी समितीने बीटी वांग्याला हिरवा कंदील दाखवला. फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्र्यांनी ते स्थगित केले. त्याच वर्षी समितीच्या नावातला 'मंजुरी' हा शब्दच गेला आणि 'मूल्यांकन' आला. शेजारच्या बांगलादेशात २०१४ पासून शेतकरी हेच वांगे पिकवतो आहे. डहाणूला तज्ज्ञ आधी 'नको' म्हणाले आणि सरकारने 'हो' केले. वांग्याला तज्ज्ञ 'हो' म्हणाले आणि सरकारने 'नको' केले. दोन्ही वेळा ज्याच्या वावरात परिणाम दिसायचा त्या शेतकऱ्याच्या हातात काही नव्हते.

कापसाचे तरी काय? २००१ मध्ये गुजरातेत विनापरवाना बीटी कापूस उभा सापडला, तेव्हा तो उपटून जाळायचा हुकूम निघाला. मार्च २००२ मध्ये बीटीला रीतसर परवानगी मिळाली. पाच महिन्यांपूर्वीचा गुन्हा पाच महिन्यांनी प्रगती ठरला. बोंडअळीला यातले काहीच कळले नाही, तिला एवढेच कळले की बोंड खाल्ले की मरण आहे.

पण इथे आपलाही कान आपण पिळून घेऊ. बीटीच्या साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटाबरोबर एकशेवीस ग्रॅमचे बिगर-बीटी बियाणे येत असे. ते कडेने लावा, म्हणजे अळी बीटीला लवकर सरावणार नाही, असे शास्त्र सांगत होते. आपल्यापैकी किती जणांनी ते लावले? बहुतेक पाकिटे बांधावर फेकली गेली. कंपनीने नीट समजावले नाही, कृषी खात्याने विचारले नाही आणि आपण ऐकले नाही. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यातला उभा कापूस पोखरला तेव्हा हिशेब पुरा झाला. तंत्रज्ञान निवडायचे स्वातंत्र्य हवे असेल, आणि ते हवेच, तर त्याचे माप ठेवायची जबाबदारीही आपलीच.

विज्ञान पूर्णपणे सत्तेच्या दावणीला बांधले की काय होते, ते सोव्हिएत रशियाने भोगले आहे. निकोलाय वाविलोव हा जगभर फिरून पिकांची बियाणी गोळा करणारा थोर शास्त्रज्ञ. १९४० मध्ये त्याला अटक झाली आणि १९४३ मध्ये तो सारातोवच्या तुरुंगात मेला. त्याच्या जागी स्टालिनला आवडणारा लायसेंको आला. १९४८ मध्ये अनुवंशशास्त्रच सरकारी हुकमाने मोडीत काढले. गव्हाच्या ओंबीला हुकूम कळत नाही. त्या देशाच्या शेतीशास्त्राला पुन्हा उभे राहायला कित्येक वर्षे लागली. आपल्याकडे शास्त्रज्ञाला तुरुंगात टाकत नाहीत. त्याची बदली करतात, नाहीतर त्याचा अहवाल कपाटात ठेवतात. पोट दोन्हीकडे शेतकऱ्याचेच जाते.

हे आम्ही पुस्तक वाचून लिहीत नाही. नोकरीच्या दिवसांत आम्ही पीक कापणी प्रयोगाचे आकडे गोळा करत होतो. एका वर्षी पावसाने ओढ दिली. ज्वारीची कणसे भरलीच नाहीत. आम्ही कापले, मळले, तोलले आणि आकडा लिहिला. वरून निरोप आला, "शेजारच्या मंडळाशी जुळत नाही, जुळवून घ्या." धमकी नव्हती, शिवी नव्हती. फक्त जुळवून घ्या. आणि आम्ही जुळवून घेतले. त्या मंडळाला विम्याची भरपाई मिळाली नाही. पुढच्या उन्हाळ्यात एका म्हाताऱ्याने आम्हाला पारावर गाठले आणि शांतपणे विचारले, "साहेब, तुमच्या कागदावर आमच्या वावरात इतकं पिकलं म्हणता, तर मग ते नेलं कोणी?" आम्हाला उत्तर देता आले नाही. पुढे नोकरी सुटली, पण तो प्रश्न सुटलेला नाही. हा अंक ज्या कामासाठी निघतो, ते काम आम्ही तिथून सुरू केले.

आज हा प्रश्न पूर्वीपेक्षा मोठा झाला आहे. एक रुपयाची पीक विमा योजना बंद झाली आणि २०२५ च्या खरिपापासून राज्यात भरपाईचा आधार फक्त पीक कापणी प्रयोग उरला. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच घेऊन उंबरठा उत्पन्न काढतात, कापणीचा आकडा त्याच्या वर गेला की भरपाई शून्य. काही पिकांत उपग्रहावरून काढलेल्या अंदाजालाही वजन द्यायला सुरुवात झाली आहे. उपग्रह चांगलाच, पण त्याचा आकडा कोणत्या गणिताने आला ते गावाला कळले नाही तर तो आकाशातला ग्रेडर.

हमीभावाचेही तेच. कृषी मूल्य आयोग १९६५ पासून उत्पादन खर्च मोजतो आहे. २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट भाव दिल्याचे जाहीर झाले, पण दीडपट कशाच्या? पदरचा खर्च आणि घरच्यांची मजुरी एवढ्याच्या. जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज धरणारा सर्वंकष खर्च बाजूला राहिला. गणित चुकले नाही, बेरजेत काय धरायचे ते दिल्लीने ठरवले. आणि एवढे करून भाव ठरला तरी १९ ऑगस्ट २०२५ रोजी एका अधिसूचनेने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठले आणि पुढे ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत वाढली. ऐन वेचणीच्या तोंडावर!

मग करायचे काय? विज्ञानाला शिव्या देऊन उपयोग नाही. विज्ञानाशी भांडण म्हणजे पायलीवर राग काढून ज्वारी न मोजणे. डहाणू-तलासरीने याचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावात वारली जमले आणि वेठबिगारी झुगारून दिली. त्याच वर्षी गवत कापणीचा संप झाला. मागणी काय होती? पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये. अक्षरओळख नसलेल्या माणसांनी नुसती 'मजुरी वाढवा' अशी हाळी दिली नाही. वजन सांगितले आणि दर सांगितला. त्यांचा झेंडा कोणता होता, यावर आपले मतभेद असतील. पण मालकाच्या अंदाजावर न राहता वजनाने बोलणे, हे शास्त्र त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

या जिल्हा बैठकीपुढे आम्ही ठराव ठेवतो आहोत. प्रत्येक गावात शाळेजवळ किंवा पंचायतीजवळ एक पर्जन्यमापक आणि त्याची वही असावी. रोज सकाळी एकाच वेळेला वाचन, खाली दोघांच्या सह्या. प्रत्येक गावातून निदान पाच घरांनी कापूस आणि ज्वारीचा एकरी खर्च पेरणीपासून विक्रीपर्यंत लिहावा, घरच्या बाईची निंदणी-वेचणीही त्यात धरावी. पीक कापणी प्रयोगाची तारीख आधी कळावी, गाव हजर असावे, तोललेला आकडा तिथेच फलकावर लिहावा आणि त्याची नक्कल गावाकडे राहावी. खरेदी केंद्रावर ओलाव्याचा आकडा शेतकऱ्याला दिसेल अशा रीतीने मोजावा आणि पटला नाही तर दुसऱ्या यंत्रावर फेरमोजणी व्हावी. आणि शेवटची मागणी डहाणूच्या वहीतून घेतलेली. तज्ज्ञांचे मत सरकारने मानले किंवा डावलले, तरी त्याची कारणे आणि कच्चे आकडे मराठीत छापून गावात लावावेत. २००५ च्या माहिती अधिकाराने विचारायची वाट उघडली आहे, विचारणाऱ्याची वाण पडू देऊ नका.

बैठकीला येताना ज्यांनी खर्चाची वही ठेवली आहे त्यांनी ती बरोबर आणावी. ज्यांनी ठेवली नाही त्यांनी कोरी वही आणावी. पारावरच्या त्या म्हाताऱ्याचा प्रश्न पुढच्या वेळी कोणत्याही साहेबाला विचारायचा असेल, तर आपल्या हातात आपला आकडा हवा.